फाट्यावरचा कांदा

कांदा चाळीत तयार झाला, पण चाळीबाहेर निघेना.

खरं तर हे सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात यायला हवं होतं. बाळाच्या तोंडात घरातलं काय काय जाऊ शकतं याची मी रोज मनातल्या मनात उजळणी करते. गॅसचं बटण चार वेळा बघते. पण साडेपाच फूट रुंदीचा सिमेंटचा कांदा साडेतीन फुटांच्या दारातून कसा जाणार, हा विचार मला दोन महिन्यांत एकदाही शिवला नव्हता.

"वेदू," चाळीसमोर हात मागे बांधून उभे असलेले माझे सासरे म्हणाले, "तुझ्या आईला इचार, ह्याला आता सोलून बाहेर काढायचा का?"

वेदिका सव्वा वर्षाची. द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसून टोपीची नाडी चघळत होती. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. नाना सुनेशी थेट बोलत नाहीत. वेदिका व्हायच्या आधी ते म्हशीला किंवा रेडिओला सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचे. वेदिका झाल्यापासून सोय झाली.

मी नाशिकरोडची. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. मी नाशिकला शिल्पकलेचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं गणपती आणि बागेतले हत्ती केले, आणि लग्न होऊन भोरमाळला आले. निफाडपासून हे गाव अर्ध्या तासावर. नवरा अमोल पिंपळगावला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये. हंगामात तो सकाळी सहाला जातो आणि घरी फक्त झोपायला येतो. वेदिका झाली आणि माझी हत्यारं पोत्यात गेली, ती या वर्षी सरपंच भारतभाऊंनी बाहेर काढायला लावली. तालुक्यातल्या प्रत्येक गावानं आपल्या फाट्यावर काही ना काही करून ठेवलं होतं. शेजारच्या टाकेगावनं कारंजं केलं. त्याला पाणी नाही, पण कारंजं आहे.

"वहिनी, आपल्याकडं काय पिकतं? कांदा. मंग आपण कांदाच करू," भारतभाऊ म्हणाले होते. "लांबून दिसला पाहिजे."

मी कागदावर चित्र काढून दिलं. ग्रामसभेत ते चहाच्या ट्रेबरोबर फिरलं. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे त्याच्यावर कप ठेवले, आणि एकमतानं मंजूर केलं.

कामाला जागा नव्हती. आमच्या चाळीला, म्हणजे कांदा साठवायच्या त्या लांबट, फटीफटींच्या लाकडी पट्ट्यांच्या शेडला, तीन कप्पे आहेत. तिन्ही रिकामे होते, त्यातला तिसरा मला मिळाला. आता मात्र उन्हाळ कांदा शेतातून निघायला लागला होता आणि नाना रोज सकाळी त्या कप्प्यासमोर येऊन उभे राहायचे. शेवटी त्यांनी आठ दिवसांपूर्वी वेदिकाला निक्षून सांगितलं.

"वेदू, आईला सांग. यात्रेपत्तर कप्पा तिचा. गावाला तिचा कांदा पसंत पडला तर पुढंबी तिचाच, मी बोलणार नाय. नाय पडला, तर यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यात आपला कांदा भरायचा. आन् त्या सळया, जाळ्या भंगारवाल्याला."

वेदिकानं "आ" केलं. ठरलं.

तर कांदा निघेना. नानांनी पक्कड आणली आणि कप्प्याच्या तोंडाच्या पट्ट्या एकेक करून उपटल्या. प्रत्येक खिळा निघताना करकर वाजायचा आणि प्रत्येक खिळ्याला ते माझ्याकडे न बघता बघायचे. सासूबाई, गोजराबाई, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. माझ्या कामातलं त्यांना काही कळत नाही असं त्या म्हणतात. पण प्लास्टर झाल्यापासून कांद्यावरचं गोणपाट त्यांनी तीनदा भिजवलं नाही असा एक दिवस गेला नाही. म्हशीला पाणी पाजतात तशा पाजायच्या.

"सावकाश काढा वं," त्या नानांना म्हणाल्या. "पापुद्रा निघंल."

जेसीबीनं कापडी पट्ट्यात धरून कांदा उचलला आणि ट्रॉलीत ठेवला. ट्रॅक्टर गावातून निघाला. मी मागे वेदिकाला कडेवर घेऊन. पारावरून कोणी नानांना ओरडून विचारलं, "खंडेराव, एकच कांदा घेऊन निघाला? बाकीचे कुठंयत?"

"काय भाव फुटला, नाना?"

"गोल्टी हाय का?" गोल्टी म्हणजे सगळ्यात बारका कांदा.

नाना ट्रॅक्टरवर सरळ समोर बघत बसले होते. पण मला त्यांचा कान दिसत होता. कान खुशीत होता.

फाट्यावर चौथरा तयार होता. कांदा बसला. बायका-माणसं फिरून फिरून बघत होती. "पत्ती बघ पत्ती," एक म्हातारा म्हणाला, "डबल पत्तीचा केलाय." कांद्यावर दोन जाड सालं असली की तो टिकतो. ती सालं मी सिमेंटमध्ये शिरांसकट काढली होती, गुलाबी-तांबूस रंग दिला होता. मला भरून आलं. मी म्हटलं, "अजून वरचं राहिलंय. ते जागेवर करायचंय."

वरचं म्हणजे कोंब.

तो माझ्या चित्रात पहिल्यापासून होता. मंजूर कागदावर नेमका त्याच्याच वर चहाच्या कपाचा गोल उमटला होता, एवढंच. नाशिकरोडला आमच्या स्वयंपाकघरात खिडकीतल्या टोपलीतला कांदा फुटला की आई तो डब्यात लावायची, आणि वडील ती हिरवी पात बघून म्हणायचे, बघा, माती नाही, काही नाही, तरी जगतोय. मी पंचायतीला जे टिपण दिलं होतं त्यात लिहिलं होतं, 'हा कोंब ग्रामीण जीवनातील आशेचे प्रतीक आहे.' त्याची तीन पाती भिका वेल्डरनं पत्र्याची कापून दिली. ती पंख्याची आहेत असं त्याला वाटलं होतं.

दोन दिवस शिडीवर चढून मी ती पाती कांद्याच्या मानेतल्या सळयांना भिकाकडून जोडून घेतली, सिमेंट भरलं आणि पोपटी रंग दिला. वेदिका लिंबाखाली क्रेटमध्ये. दर दहा मिनिटांनी मी खाली उतरून तिचं तोंड उघडून बघायची. चार फुटी कोंब उन्हात चमकायला लागला तेव्हा खरं सांगते, मला तो कांद्याहूनही जास्त आवडला.

पहिला ट्रॅक्टर आला, हळू झाला, आणि ड्रायव्हरनं वर बघून "च्यायला" म्हटलं. मला वाटलं, कौतुकानं.

मग दोन मोटरसायकली आल्या. थांबल्या. एक बाई डोक्यावरचा पदर सावरून वेदिकाजवळ आली, तिच्या गालाला हात लावून म्हणाली, "जाऊ द्या ताई, चालायचंच," आणि निघून गेली. मला कळेना, काय चालायचं?

दहा वाजता नाना आले. गाडी स्टँडवर लावली. वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वेदिकाशीसुद्धा एक शब्द न बोलता गाडी वळवून निघून गेले.

दुपारी मी जेवायला घरी आले तर नानांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच. ते बाहेर बाजेवर, तोंड भिंतीकडे. सासूबाई ओट्याजवळ कोथिंबीर निवडत होत्या.

"आई, काय झालंय?"

"कुठं काय?"

"रंग भडक झालाय का?"

सासूबाईंनी कोथिंबीर खाली ठेवली. "आगं पोरी, कोंब फुटलेला कांदा गावाच्या दारात नेऊन ठेवलास. काय झालंय म्हून इचारती?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मागल्या भादव्यात तू पोरीला घेऊन म्हायेरी गेली व्हती तव्हा चाळ उघडली. तिन्ही कप्पे. वरून चांगला दिसायचा, आन् हात घातला की हिरवं. निस्ते कोंब. चाळीत का शेतात, कळंना. व्यापाऱ्यानं ट्रॉलीजवळ यिऊन बघितलं आन् तोंड फिरवून पुढं गेला, बोली बी नाय लावली. सगळा बांधावर वतला. पंधरा दिस वास जाईना. तुला फोनवर नाय सांगितलं, म्हटलं अंगावरची पोर, उगा घोर लावून घेशील."

म्हणून चाळ रिकामी होती. मी दोन महिने तिच्यात बसून कोंबाचाच कांदा घडवत होते.

"मला कोणी काही बोललं का नाही, आई?"

"तू वर काय करणार ते कुणाला म्हाइत? आमाला वाटलं, वर झेंडा-बिंडा लावशील."

दुसऱ्या सकाळी फाट्यावर अर्धं गाव होतं. उरलेलं अर्धं मोबाइलवर होतं. कोणीतरी फोटो टाकून खाली लिहिलं होतं, 'भोरमाळ येथे फुटलेले कांदे मिळतील.' तो टाकेगावहून आला होता हे सगळ्यांना माहीत होतं, कारण टाकेगावचा सरपंच केरू स्वतः मोटरसायकलवर बसून हसत होता. केरू हा भारतभाऊंचा मेव्हणा, बायकोचा सख्खा भाऊ.

"दाजी," तो म्हणाला, "कांदा फुटला व तुमचा! आमच्याकडं चाळ कोरडी हाय. हलवायचा का तिकडं?"

"तू तुझ्या कारंजाला पाणी पाज आधी," भारतभाऊ म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. ते माझ्याकडे वळले. "वहिनी, सहा दिवसांवर यात्रा. तालुक्याचे साहेब यायचेत. आता हे काय करायचं सांगा."

"काढते," मी म्हणाले.

"काढता येत नाय, तीच तर भानगड हाय. मी सकाळी ग्रामसेवकाला फोन केला. तो म्हणतो ठरावाला जे चित्र जोडलंय त्यात कोंब हाय. कोंब काढायचा तर नवा ठराव पाहिजे. नव्या ठरावाला सात दिवसांची नोटीस."

गर्दीनं वर कोंबाकडे बघितलं. मग एकेकाला सुचायला लागलं.

"कलश करा ना. खाली तांब्या, वर आंब्याची पानं. वर नारळ ठिवला की झालं."

"गुलाबी तांब्या?"

"मंग बीट म्हणा. बिटाला पाला असतो."

"बीट कोण पिकवतं रं इथं?"

"हळूहळू पिकवू की."

माझं टिपण आणि ते मंजूर चित्र कोणीतरी पंचायतीतून आणलं होतं. भारतभाऊंनी ते मोठ्यानं वाचलं. 'हा कोंब ग्रामीण जीवनातील आशेचे प्रतीक आहे.' वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची दुसरी बाजूही बघितली, तिथे काही वेगळं लिहिलंय का म्हणून. मी वेदिकाच्या पाठीवर थोपटत होते. ती झोपलेली नव्हती, रडतही नव्हती, पण मला थोपटायला काहीतरी पाहिजे होतं.

"कागद आणा इकडं," मागून सासूबाई म्हणाल्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. त्यांनी मंजूर चित्राचा कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ धरला. "कुठंय कोंब? मला तर चहाचा डाग दिसतोय."

भारतभाऊंनी बघितलं. सगळ्यांनी बघितलं. तपकिरी गोलात माझी पेन्सिल पुसट झाली होती.

"डागच हाय," भारतभाऊ सावकाश म्हणाले. "ग्रामसेवकाला सांगतो, चष्मा बदल म्हणावं."

केरूनं मोटरसायकल चालू केली. "यात्रेला येतोच," जाताना म्हणाला. "बघायला."

भिकानं गॅस कटर आणला आणि पोपटी पाती एकेक करून चौथऱ्यावर पडली. वर मोठं भोक राहिलं, त्यातून सळया बाहेर आलेल्या. आता तिथं मान करायची होती. कापलेल्या कांद्याला असते तशी, बंद झालेली. मी मोबाइलवर शंभर फोटो बघितले, जाळी वळवली, सिमेंट चढवलं आणि गुळगुळीत, सुंदर, गोल मान केली.

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. बरोबर वत्सलाबाई, आमच्याकडे कांदा कापायला येणाऱ्या बायकांची मुकादम, आणि चौघीजणी. त्यांनी वर बघितलं आणि एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसायला लागल्या. वत्सलाबाईंना ठसका लागला.

"काय झालं?"

"आगं माझे बाई," वत्सलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "ही मान हाय का बाटलीचं बूच?"

"तू कांदा कवा कापला का?" दुसरीनं विचारलं.

"रोज कापते. भाजीला."

परत हसू. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "उद्या सकाळच्याला शेतात ये," म्हणाल्या. "ते वल्लं हाय तवर फोडून ठेव."

मी दोन तास खपून केलेली मान स्वतःच्या हातानं फोडली.

सकाळी ऊन यायच्या आत शेतात गेले. उपटलेला कांदा पातीसकट वाळत पडला होता, ओळीनं, पात एका दिशेला. बायका उकिडव्या बसून पुढे सरकत होत्या. डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा. खच्, कांदा इकडे, पात तिकडे. खच्. त्यांच्या हाताकडे बघून मला वाटलं, सोपं आहे. अर्ध्या तासानं माझ्या मांड्या थरथरत होत्या. पाऊण तासानं पाठीत कोणीतरी सळई घातल्यासारखं वाटत होतं. वत्सलाबाई साठीच्या आहेत. त्या माझ्यापुढे दोन वाफे गेल्या होत्या आणि जाता जाता आपल्या सुनेच्या माहेरची सगळी गाऱ्हाणी सांगत होत्या.

सासूबाईंनी माझा एक कांदा उचलला. "हे बघ. लय जवळ कापला. पाणी आत जाणार, सडणार." दुसरा उचलला. "ह्याची मान केवढी ठेवली? व्यापारी म्हणंल, पात इकायला आणली का?" मग स्वतःचा एक कापून माझ्या तळहातावर ठेवला. "बोटभर. आन् इथं दाब. मिटली पाहिजे. मान मिटली नाय तर तिथूनच कोंब येतो."

मी दाबून बघितली. बोटभर मान, सुकलेली, थोडी पिळलेली. आणि वरचा काप सपाट नव्हता. विळा आपल्याकडे ओढला जातो म्हणून तिरका. एका बाजूला जरा उंच, कडेला एक बारीक तंतू राहिलेला. मी शंभर फोटोंत हे बघितलं होतं आणि दिसलं नव्हतं. मी अजून एक कापला, अजून एक, आणि तेवढ्यात विळा बोटाला लागला.

"रक्त!" मी ओरडले. "विळा गंजलेला आहे का? धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल. मला वेदूला घ्यायचं असतं, हात..."

वत्सलाबाईंनी लुगड्याची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली. "इळ्याला कांद्याचा रस हाय," त्या म्हणाल्या. "त्यातले जंतू आधीच रडत्यात. काप तू."

मी दिवसभर कापले. दुसऱ्या दिवशी इंजेक्शन घेतलं.

बोटभर म्हणजे आमच्या त्या कांद्याला दोन फूट, हा हिशेब मी दवाखान्याच्या बाकावर केला. जाळी दीड फुटापर्यंतच ठेवायची, वरचं अर्धा फूट नुसतं घट्ट सिमेंट-वाळू. ते ओलं असतानाच वर काप मारायचा, एकदाच, खऱ्यासारखा.

यात्रा तीन दिवसांवर. मी शिडीवर, भिका शिडी धरून. पीळ काढत काढत मान चढवली. सासूबाई आणि वत्सलाबाई शेतातून थेट आल्या होत्या, विळे कमरेला खोचलेले. वेदिका वत्सलाबाईंच्या मांडीवर. ऊन असं होतं की माल बघता बघता आळत होता. मी लांब पट्टी हातात घेतली, आता काप मारणार, आणि सवयीनं खाली बघितलं. वेदिकाचा जबडा हलत होता.

"तिच्या तोंडात काय आहे?"

"शेंगदाणा," वत्सलाबाई म्हणाल्या. "भाजलेला."

"शेंगदाणा!"

मी शिडीवरून कशी उतरले मला आठवत नाही. भिका म्हणतो, उतरलीच नाही, पडली. दुसऱ्या क्षणी माझं बोट वेदिकाच्या तोंडात होतं आणि ती माझ्या त्याच चिंधी बांधलेल्या बोटाला चावत होती. अर्धा दाणा मिळाला. दुसरा अर्धा कुठे होता?

"सिमेंट वाळतंय," वरून आवाज आला.

मी मान वर केली. सासूबाई शिडीच्या वरच्या पायरीवर होत्या, लुगड्याचा काष्टा मारलेला, डाव्या हातानं कांद्याची मान धरलेली, उजव्या हातात विळा.

"आई! थांबा, मी येते!"

"तू पोर बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी मान बघते."

आणि त्यांनी विळा आपल्याकडे ओढला.

आवाज झाला नाही. वरचा गोळा सुटला आणि भिकाच्या पायाजवळ पडला. वेदिका गिळायची थांबली. मला तिच्या गालात उरलेला अर्धा दाणा सापडला. तो मुठीत धरून मी कांद्याकडे बघत राहिले. काप तिरका होता. एका बाजूला उंच, कडेला बारीक तंतू सुटलेला. मला महिनाभर मेहनत करूनही तो असा जमला नसता.

"कडेला जरा नीट करते," मी शिडीकडे गेले. "तिथे एक..."

"हात लावू नको," सासूबाई विळा पुसत म्हणाल्या. "दोनदा कापलेला कांदा बघितलास कधी?"

त्या खाली उतरल्या, गोणपाट भिजवलं, आणि पुढचे तीन दिवस मला मानेला पाणीसुद्धा घालू दिलं नाही.

यात्रेच्या दिवशी फाट्यावर मांडव होता, हार होते, साहेब तासभर उशिरा आले. मी वेदिकाला नवा फ्रॉक घातला होता आणि कडेवर इतकं घट्ट धरलं होतं की ती सारखी अंग मागे टाकत होती. नाना गर्दीच्या मागे, हात मागे बांधून. कापड सरकलं. टाळ्या वाजल्या, पण त्या साहेबांसाठी होत्या. गाव कांद्याकडे बघत नव्हतं, केरूकडे बघत होतं.

केरू पुढे आला. कांद्याभोवती एक चक्कर मारली. खिशातला हात बाहेर काढला, आणि ट्रॉलीतला कांदा बघताना सगळे करतात तसं, सवयीनंच, बोटाच्या पेरानं कांद्यावर टकटक केलं. कान लावला. साल चोळून बघितली. मग मागे सरकून, डोळ्यांवर हात धरून मानेकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. तो चेष्टा करायला आला होता हे त्याच्या तोंडावर पहिल्यापासून होतं. पण मान बघता बघता ते तोंडावरून गेलं आणि मागे नुसता एक कांदेवाला उरला.

"टिकंल," तो म्हणाला.

एवढंच. पण मांडवात कोणीतरी श्वास सोडला, मग सगळ्यांनीच. म्हातारा पुन्हा "डबल पत्ती, डबल पत्ती" करायला लागला. भारतभाऊंनी मेव्हण्याला मिठी मारली आणि लगेच सोडलं. मी नानांकडे बघितलं. ते लिंबाकडे बघत होते, पण कान माझ्या बाजूला होता.

"शिल्पकार कोण आहेत?" साहेबांनी विचारलं.

भारतभाऊ मला पुढे बोलवायला लागले. वेदिका, फ्रॉक, पदर सावरून मी एक पाऊल टाकलं, तोवर सासूबाई पुढे पोचल्या होत्या.

"मानेखालचं सुनेनं केलंय, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी आम्हा दोघींना एकाच शालीत गुंडाळलं, कारण शाल एकच आणली होती. नारळ वत्सलाबाईंनी घेतला.

जाताना केरू माझ्याजवळ आला. दाजी ऐकत नाहीत ना, हे बघून हळूच म्हणाला, "ताई, आमचं ते कारंजं काढायचंय. तिथं द्राक्षाचा घड बसवला तर? मोठा. तुमच्या कांद्यापेक्षा जरा मोठा."

"द्राक्षाची काडी कशी कापतात ते आधी बघून येईल ती," मागून सासूबाई म्हणाल्या. "मंग सांगंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली कांदा घेऊन चाळीशी आली. पहिला कप्पा भरला. दुसरा भरला. खळखळ आवाज होत होता, धूळ उडत होती, मी वेदिकाच्या नाकावर रुमाल धरून तिसऱ्या कप्प्यासमोर उभी होते. आत माझ्या सळया, जाळ्या, आणि कोपऱ्यात ती तीन पोपटी पाती. यात्रेत गावानं काय म्हटलं ते नानांनी ऐकलं होतं. पण कांदा अजून अर्धी ट्रॉली शिल्लक होता.

नाना आले. कप्प्यात डोकावले. पोपटी पात्यांवर त्यांची नजर थांबली.

"वेदू," ते म्हणाले, "आईला सांग, हे सगळं राहू दे. तेवढा कोंब चाळीत नको."

मी पाती उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवली. परत आले तर उरलेली अर्धी ट्रॉली ओसरीवर ओतून झाली होती, ताडपत्री टाकलेली. नाना कप्प्याच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. उपटलेल्या पट्ट्या त्यांनी परत ठोकल्या नव्हत्या. बाजूला दोन मोठ्या बिजागऱ्या, नव्या कोऱ्या, आणि हातात मोजपट्टी.

"वेदू," ते मोजपट्टीकडे बघत म्हणाले, "आईला इचार, त्या केरूचा घड किती रुंद व्हणार? दर टायमाला पट्ट्या उपटत बसायचं का? मोठं दार करतो."

वेदिकानं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडात काहीतरी होतं. या वेळी मी आधी उत्तर दिलं, मग तोंड बघितलं.

"वेदू," मी म्हणाले, "नानांना सांग, सहा फूट."

नानांनी पट्टी लावली, पेन्सिलनं खूण केली, थोडा विचार केला, आणि खुणेच्या पुढे दुसरी खूण केली.

"बोटभर जास्त ठेवतो," त्यांनी वेदिकाला सांगितलं.